कोरड्या उन्हात छपरावरचा तंबू

ठाण्या-नवी मुंबईच्या माणसाला उन्हाळा कळतो तो घामाने. पाठीला चिकटलेला शर्ट, पंख्याखालीही न सुकणारी मान. थारच्या वाळवंटात याच्या नेमकं उलट. मे महिन्यात दुपारी पारा अनेकदा ४५च्या घरात जातो आणि अंगावर घामाचा टिपूस दिसत नाही, कारण घाम बाहेर येताच उडून जातो. घाम नाही म्हणजे बरं चाललंय, असं आपल्या सवयीच्या शरीराला वाटत राहतं. पाणी मात्र तासाला अर्धा-एक लिटर जात असतं. गाडीच्या छपरावरच्या तंबूतला उन्हाळी मुक्काम जमणं किंवा बिघडणं या एका फरकावर अवलंबून आहे. पाणी किती न्यायचं, तंबू कधी उघडायचा, कुठल्या खिडकीवर काय बांधायचं, सगळं त्यातूनच ठरतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. राजस्थानातल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमानाची नोंद झाली होती. अशा मुलखात रूफटॉप टेंट दिवसा राहण्याची जागा नव्हे, तो रात्रीचा पलंग आहे. मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत जाणार असाल तर दिवसाही सावलीत बसता येतं. मे-जूनमध्ये जायचंच असेल तर संध्याकाळी पोहोचा, रात्र काढा, सकाळी आठच्या आत आवरून निघा आणि दुपार जैसलमेरमधल्या एखाद्या जाड दगडी भिंतींच्या लॉजमध्ये घालवा. त्या भिंती उगाच तशा बांधलेल्या नाहीत.

आधी गाडीचं छप्पर

तंबू विकत घ्यायच्या आधी गाडीचं मॅन्युअल उघडा आणि छपरावरच्या वजनाची मर्यादा शोधा. बऱ्याच गाड्यांत ती ५० ते ७५ किलोच्या घरात असते. ती चालत्या गाडीची असते आणि तिच्यात क्रॉसबारचं, म्हणजे तंबू ज्यांवर बसतो त्या छपरावरच्या आडव्या दांड्यांचं, ५ ते ८ किलो वजनही धरायचं असतं. कापडी, घडीचा दोघांचा तंबू ४०-५० किलोंचा, कडक कवचाचा ६० ते ७५ किलोंचा. आत ठेवलेली गादी, उशा, शिडी हे सगळं त्याच हिशेबात येतं. उभ्या गाडीचं छप्पर याच्या कितीतरी पट भार पेलतं, त्यामुळे रात्री दोघे-तिघे वर झोपले तरी बिघडत नाही. प्रश्न येतो तो खड्ड्यात आणि वळणावर. काही गाड्यांचे रूफ रेल, म्हणजे छपराच्या कडांवरच्या पट्ट्या, नुसते शोभेचे असतात, चिकटवलेले. त्यांवर क्रॉसबार लावले तर पहिल्या जोरदार ब्रेकला तंबू बॉनेटवर येईल. मर्यादा ५० किलो असेल तर हट्ट सोडा आणि जमिनीवरचा तंबू घ्या.

दुसरा अडथळा आपल्या भागातला खास आहे: पार्किंग. गाडी १.७ ते १.८ मीटर, त्यावर क्रॉसबार आणि बंद तंबू मिळून ३० ते ४० सेंटिमीटर, म्हणजे एकूण उंची २.१ मीटरच्या आसपास जाते. सोसायटीत मेकॅनिकल स्टॅक पार्किंग असेल तर विषयच संपला, गाडी प्लॅटफॉर्मवर जाणार नाही. बेसमेंटच्या तोंडाशी लिहिलेली उंची वाचा, पण रॅम्प जिथे सपाट होतो तिथे टेपने स्वतः मोजा. पाण्याचे आणि स्प्रिंकलरचे पाइप त्याच्याही खाली आलेले असतात. मोजलेली उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. मॉलच्या पार्किंगमध्ये शिरताना ती आठवत नाही.

दोन क्रॉसबारमध्ये ८० ते १०० सेंटिमीटर अंतर ठेवा. तंबूखालच्या चॅनलमधले बोल्ट आवळताना चारही कोपरे आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे गेलात तर तळाची पट्टी पिळते. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) वापरा. हे काम वागळे इस्टेटमधला किंवा रबाळ्याचा फॅब्रिकेटर करून देईल, पण पाना तुमच्याकडेही हवा, कारण नवे बोल्ट पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरमध्ये सैल पडतात. घोडबंदर रोडने निघालात तर मनोरला चहाला थांबाल तेव्हा चारही कोपरे हलवून पाहा आणि पुन्हा आवळा. नंतर रोज सकाळी एकदा.

निघण्याआधी सोसायटीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये तंबू तीनदा उघडून मिटा, त्यातली एक खेप अंधारात. येऊरला रात्री जाऊन सराव करायचा विचार असेल तर तो सोडा, ते राष्ट्रीय उद्यान आहे. हा सराव हात बसण्यापुरता आहे. ठाण्यातल्या दमट रात्री तंबूत झोपून वाळवंटाचा अंदाज येत नाही. इथे ज्या युक्त्या फसतात त्या तिथे चालतात.

तापलेला तंबू थंड कसा करायचा

कापड पाहून तंबू घ्या. पॉली-कॉटन कॅनव्हास हवा खेळू देतो. नुसत्या पॉलिएस्टरचा, आतून कोटिंग केलेला तंबू पावसात उत्तम आणि उन्हात भट्टी. गडद रंगाचं कडक कवच असेल तर पत्र्याच्या शेडखाली लावतात तो बुडबुड्यांचा चंदेरी फॉइल कवचावर बांधा, पण अंगाला चिकटवू नका. खाली पाइप इन्सुलेशनचे तुकडे ठेवून चार-पाच सेंटिमीटर फट राहू द्या. उष्णता अडते ती त्या फटीतल्या वाहत्या हवेमुळे. सावलीसाठीही तेच: बाल्कनीला लावतो त्या ग्रीन नेटचे दोन थर एक वीतभर अंतर ठेवून बांधले, तर एका जाड थरापेक्षा खाली जास्त गारवा मिळतो. पावसाळ्यातली निळी ताडपत्री घरीच ठेवा. तिच्याखाली बसलात तर उकडून निघाल.

गादीचा फोम उष्णता धरून ठेवतो. प्रवासभर बंद कवचात तापलेली गादी रात्री नऊलाही पाठीला चटके देते. म्हणून पोहोचल्यावर पहिलं काम: तंबू उघडून गादी उभी करायची आणि दोन्ही बाजूंनी वारा लागू द्यायचा. झोपताना तिच्यावर गवती चटई आणि मग सुती चादर. रेक्झिनचं किंवा नायलॉनचं अस्तर अंगाखाली नको. पहाटे चारला थोडं गार वाटतं, तेव्हा पातळ गोधडी पुरते. स्लीपिंग बॅगचं ओझं नको.

आता ओल्या कापडाची गोष्ट. मे महिन्यात जैसलमेरच्या बाजूला दुपारची आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्या खाली असते. ज्या दिशेने वारा येतो त्या खिडकीच्या जाळीवर बाहेरून ओला पंचा किंवा जुन्या धोतराचं पान बांधा आणि समोरची खिडकी पूर्ण उघडी ठेवा. आत येणारी हवा हाताला गार लागते. वाळ्याच्या ताट्यांचं तत्त्व तेच. ठाण्यात हे केलं तर नुसता कोंदट वास येईल, कारण इथली हवा आधीच पाण्याने भरलेली असते. म्हणूनच हीच युक्ती कच्छच्या किनारी भागात कमी चालते, आणि थारमध्येही जूनच्या उत्तरार्धात दमटपणा वाढू लागला की तिचा जोर ओसरतो. दोन खिडक्यांना रात्रभरासाठी दोन-तीन लिटर वापरायचं पाणी पुरतं. समोरची खिडकी बंद राहिली तर मात्र तंबूत ओल साठते आणि आपलं ठाणं आत येतं.

पंखा १२ व्होल्टचा, पाच-सहा वॉटचा घ्या. असा पंखा रात्रभर चालूनही ५०-६० वॉट-तासच खातो. हवा ४० अंशांच्या वर असेल तेव्हा कोरड्या अंगावर पंख्याचा झोत घेऊ नका, तो गरम हवाच अंगावर मारतो. मान आणि हात ओले करा, मग पंखा लावा. पॉवर स्टेशन (उचलून नेता येणारी मोठी बॅटरी) किंवा पॉवर बँक दुपारी बंद गाडीत सोडायची नाही. आत ६० अंशांच्या वर जातं, आणि लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर साधारणपणे चार्ज करायच्या नसतात. स्टोव्हचे ब्युटेन कॅन, लायटर, डिओ यांनाही तोच नियम. कॅनवर ५० अंशांची मर्यादा छापलेलीच असते.

इंजिन चालू ठेवून एसीची हवा नळीने वर न्यायची कल्पना कुणीतरी सुचवतंच. उभ्या गाडीचा धूर वाऱ्याबरोबर वळून तंबूत शिरतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हे करू नका. तंबूत स्टोव्ह पेटवणंही नको.

पाणी, खाणं, आणि गुजरातची हद्द

माणशी रोज ८ ते १० लिटर धरा: सहा-सात पिण्याचं, बाकी स्वयंपाक आणि ओल्या कापडाचं. तिघे, दोन दिवस म्हणजे पन्नास-साठ लिटर, तेवढेच किलो. हे वजन छपरावर चढवायचं नाही. २० लिटरचे कॅन मागच्या सीटला टेकवून, शक्य तितके खाली ठेवा, आणि एकाच कॅनमध्ये सगळं पाणी नको. एक फुटला तर बाकीचे उरतात. जांभळी नाक्यावर मिळणारी मातीची सुरई पेंढ्यात गुंडाळून न्या. ठाण्यात मातीच्या भांड्यातलं पाणी जेमतेम गार होतं; तिकडे तीच सुरई सावलीत आणि वाऱ्यात ठेवली तर फ्रिजची आठवण येत नाही. राजस्थानात पूर्वी गाड्यांना बाहेरून कॅनव्हासची पाण्याची पिशवी टांगलेली असायची, तिला छागल म्हणतात. मिळाली तर जरूर घ्या.

तहानेची वाट न पाहता दर वीस-तीस मिनिटांनी एक पेलाभर प्या. नुसतं पाणी पीत राहिलात तर मीठ कमी पडतं आणि डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात. ओआरएसची पाकिटं माणशी रोज दोन तरी ठेवा. संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. आपलं कोकमाचं आगळ इथे फार कामाला येतं: ते आधीच खारट असतं, उष्णतेत नासत नाही, पाण्यात घालून साखर टाकली की झालं. मीठ घातलेला कैरीच्या पन्ह्याचा गरही चांगला. लघवी गडद पिवळी झाली किंवा पाच-सहा तास झालीच नाही, तर पाणी कमी पडतंय.

दुपारी चूल नको. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट, गूळ-शेंगदाणे, काकडी-कांदा. ओलं खोबरं घातलेलं काहीही नेऊ नका, सुरत येईपर्यंत आंबतं. आणि ठाण्याहून जैसलमेरचा रस्ता वापी ते पालनपूर असा गुजरातमधून जातो. तिथे दारूबंदी आहे, परवान्याशिवाय एक बाटलीही गुन्हा ठरते. तसंही उन्हात दारू पाणीच उडवते.

अंतर हजार-अकराशे किलोमीटर आहे, मध्ये एक मुक्काम करा. तंबू डोक्यावर असताना ताशी ८०-९०च्या वर जाऊ नका. उघड्या माळावर आडवा वारा गाडी ढकलतो. गरम टायरमधला दाब वाढलेला दिसतो, साधारण दर दहा अंशांना दीड-दोन पीएसआय. तो पाहून हवा सोडायची नाही. दाब सकाळी गार टायरवर तपासायचा. कूलंट निघण्याआधी बदला, आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण वाटेत कधीही उघडू नका.

जागा

कोरड्या नाल्यात, टेकडीच्या माथ्यावर, आणि वाळूच्या टेकडीच्या ज्या बाजूला वाळू घरंगळते तिच्या पायथ्याशी गाडी लावू नका. कडक, खडीची, थोडी उंच जागा पाहा. विलायती बाभळीजवळही नको, तिचे वाळके काटे टायरमध्ये घुसतात. खेजडीची सावली मात्र भाग्याची. खेजडी म्हणजे आपली शमी. तिच्या फांद्या तोडणं तिथल्या लोकांना खपत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. गावाच्या ओरणीत, म्हणजे देवराईत, विचारल्याशिवाय थांबू नका.

डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. तो माळढोकचा अधिवास आहे. सीमेकडचे रस्ते चौकशी करूनच धरा. सर्वांत सोपा मार्ग: जैसलमेरजवळच्या सम किंवा खुरी या गावांच्या आसपास एखाद्याच्या आवारात, थोडे पैसे देऊन गाडी लावायची. थंडीतल्या गर्दीचा मोसम संपलेला असल्याने जागा मोकळी असते, आणि रात्री काही झालं तर हाक मारायला माणूस असतो. परदेशातून आणलेला सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परवान्याशिवाय भारतात बाळगणं बेकायदा आहे. त्याऐवजी कुठे थांबणार आणि किती वाजता निघणार, हे घरी आणि गावात सांगून ठेवा.

गाडी उभी करताना तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे करा. उन्हाळ्यात तिथला वारा बहुतेक पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. फोनमधल्या लेव्हलने छप्पर पाहा. थोडा उतार असेलच तर डोकं वरच्या बाजूला. वाळूत खुंट्या टिकत नाहीत. नेटच्या दोऱ्या बांधायला गोणपाटात वाळू भरून फूट-दीड फूट खोल पुरा आणि दोरी ओढीच्या उलट दिशेला तिरपी घ्या.

संध्याकाळ ते सकाळ

मे महिन्यात जैसलमेरला सूर्य साडेसातच्या सुमारास मावळतो, आपल्यापेक्षा जवळजवळ अर्धा तास उशिरा. सात वाजता तंबू उघडा, त्याआधी नाही. आधी उघडला तर आतलं सगळं ऊन पीत बसतं. कडक कवचाला गॅस स्ट्रट, म्हणजे झाकण उचलणारे गॅसचे दांडे असतात, आणि तापलेल्या गॅसचा दाब जास्त असतो. लॅच काढली की झाकण झपकन वर उडतं. एक हात झाकणावर ठेवून, तोंड बाजूला ठेवूनच लॅच काढा. शिडी अॅल्युमिनियमची, हात लावण्याआधी ओल्या फडक्याने पुसा. पायऱ्या लॉक झाल्याचा आवाज प्रत्येक बाजूला ऐका, आणि शिडी उभी न ठेवता साधारण ७० अंशांत कलती ठेवा. तळाशी लाकडी पाट, नाहीतर ती वाळूत खचते आणि तंबूचा तळ वाकतो.

मग गाडीचे चारही दरवाजे आणि डिकी वीस मिनिटं उघडी ठेवा. दिवसभर तापलेली केबिन तुमच्या गादीच्या थेट खाली आहे, हे बरेच जण विसरतात. पाऊस-पडदा काढून टाका, जाळ्या लावा, नऊच्या सुमारास पंचे भिजवा, दहाला झोपा.

वाळवंटी फुरसं उन्हाळ्यात रात्रीच हिंडतं. विंचूही. उंचावर झोपल्याचा खरा फायदा इथे आहे, पण रात्री खाली उतरताना तो जातो. बूट वर, पिशवीत ठेवा. उतरण्याआधी टॉर्चने शिडीचा पायथा आणि गाडीखालची जमीन पाहा. जांभळ्या यूव्ही टॉर्चखाली विंचू हिरवट चमकतो. साप चावलाच तर पट्टी आवळू नका, चिरू नका. हातपाय न हलवता जिल्हा रुग्णालय गाठा. भारतातलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषासाठी बनवलेलं असतं.

पश्चिमेला क्षितिजावर तपकिरी भिंत दिसली आणि वारा अचानक पडला, तर आंधी येते आहे. हातात पाच-दहा मिनिटं असतात. गादीवरचं आवरत बसू नका: शिडी, खिडक्यांच्या काड्या, झाकण, लॅच. इतकं न जमल्यास तंबू तसाच सोडून सगळे गाडीत या आणि काचा बंद करा. फाटलेला कॅनव्हास शिवता येतो. विजा चमकत असतील तर वर थांबायचंच नाही. पत्र्याच्या छपराची बंद गाडी त्या वेळी सुरक्षित असते.

सकाळी सहाच्या सुमारास ऊन येतं आणि सात-साडेसातला आत बसवत नाही. स्ट्रट गार असतानाच तंबू मिटा. उशीर केलात तर झाकण खाली दाबायला दोघे लागतील.

ऊन लागलं तर

चक्कर, मळमळ, थकवा, पण माणूस नीट बोलतोय: सावली, पाय वर, ओले पंचे, ओआरएस. माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला किंवा झटके आले, तर तो उष्माघात, घाम असो वा नसो. आधी थंड करा, मग हलवा. कपडे सैल करून सगळं अंग पाण्याने भिजवा, वारा घाला, बर्फ असेल तर काखेत आणि जांघेत. पिण्याचं पाणीही ओता, इथे काटकसर नाही. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका. १०८ला फोन करा, आणि गाडीने निघालात तरी वाटेत भिजवणं आणि वारा चालू ठेवा.

वाळूत रुतलात तर

आपल्याकडच्या बऱ्याच एसयूव्ही पुढच्या दोन चाकांवर चालतात आणि वर साठ किलो ठेवल्याने गुरुत्वमध्य चढलेला असतो. अशा गाडीने वाळूच्या टेकडीवर जायचं नाही, आडव्या उतारावर तर मुळीच नाही. मऊ पट्टा टाळता येत नसेल तर आधीच दाब १८ पीएसआयपर्यंत उतरवा आणि ताशी ३०च्या आत चाला. चाक फिरतंय आणि गाडी जात नाही असं कळताच अॅक्सिलरेटर सोडा. पुढचं प्रत्येक सेकंद गाडी खोल नेतं. फावड्याने चारही चाकांमागे उताराची वाट काढा, पोटाखालची वाळू ओढा, चाकांखाली ट्रॅक्शन बोर्ड (चाकाला पकड देणाऱ्या खाचांच्या फळ्या) किंवा भिजवलेली गोणपाटं सारा, ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून आपल्याच चाकोरीतून मागे या. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा भरा. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला लावायचा. लायटरच्या सॉकेटचा फ्यूज उडतो.

परत आल्यावर

तंबूच्या चेनमध्ये, म्हणजे झिपमध्ये, बारीक वाळू अडकलेली असते. तेल लावलंत तर तिची पेस्ट होते आणि दाते झिजतात. कोरड्या रंगाच्या ब्रशने झाडा, मग मेणबत्ती घासा. तंबू गच्चीवर उघडून गादी काढा आणि कोपरे व्हॅक्यूम करा. वाळवंटातून कोरडाठाक आलेला तंबूसुद्धा ठाण्याच्या हवेत ओल धरतो, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून तर वाळवायला ऊनच मिळत नाही. म्हणून पाऊस लागण्याआधी तो गाडीवरून उतरवा, गादी वेगळी उभी ठेवा, आत सिलिका जेलच्या पिशव्या टाका आणि झाकण पूर्ण न आवळता ठेवा. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा, निदान महिन्यातून एकदा, उघडून बघा. बुरशी आधी शिवणीपाशी धरते.